जवळच्याने आधी तुटावे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



समजा, आपल्या मानखुर्दच्या एखाद्या खोलीत इस्त्रीची वायर जळाली. तार तारेला चिकटली आणि क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह धावू लागला. हा प्रवाह खोलीतील फ्यूजमधून जातो, मीटरखोलीतील मोठ्या फ्यूजमधून जातो आणि ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजमधूनही जातो. तिघेही एकदम तुटले, तर एका इस्त्रीपायी सारी गल्ली अंधारात जाईल. म्हणून नियम असा की, दोषाच्या सर्वांत जवळच्याने आधी तुटावे, वरच्याने थोडे थांबावे आणि खालचा चुकला तरच पुढे यावे.

हे थांबणे मोजून ठरवतात. उपकेंद्रात हे काम रिले करतो. प्रवाह जितका जास्त, तितका तो लवकर ब्रेकर उघडतो. नेहमीच्या प्रकारचा रिले पूर्ण वेळेवर लावला, तर मर्यादेच्या दुप्पट प्रवाहाला सुमारे 10 सेकंद आणि दहापटीला सुमारे 3 सेकंद घेतो. ही वेळ अभियंते गरजेप्रमाणे कमी करतात. मात्र दोन पायऱ्यांत साधारण 0.3 ते 0.4 सेकंदाचे अंतर राखतात. मर्यादा फार खाली ठेवली, तर पाण्याचा पंप सुरू होतानाच वीज जाते. कारण मोटर सुरुवातीला पाच-सहा पट प्रवाह ओढते. फार वर ठेवली, तर तार आधी जळते.

अभियंत्यांचा हा सारा हिशोब आपण घरात एका जाड तारेने पुसून टाकतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार बांधतो, किंवा 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरिंगवर 32 अँपिअरचा एमसीबी बसवतो. मग फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतील वायर पेटते. दाटीच्या वस्तीत ती आग एका घरापुरती राहत नाही.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. शहराला वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. संकटात मुंबईला मुख्य जाळ्यापासून वेगळे करून वाचवणारी व्यवस्थाही त्या दिवशी टिकली नाही. तेथील यंत्रणा निराळी आणि फार मोठी; पण एका ठिकाणचा बिघाड तेथेच रोखला पाहिजे, हा धडा तोच.

पालकांना माझी विनंती, उडालेला फ्यूज ही तक्रार समजा. परवानाधारक वायरमनला बोलावून कारण शोधा. विद्यार्थी मित्रांनो, आयटीआय किंवा पदविकेला वीजशाखा घ्या. ज्याला हा हिशोब येतो, त्याच्या हाती अनेक घरांची सुरक्षितता असते.

खुदा हाफिज. जय हिंद!