नकाशातला हिरवा रंग
(पाड्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



डहाणू तालुक्यासाठी केंद्र सरकारने २० जून १९९१ ला एक अधिसूचना काढली. आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, ती कारखानेवाल्यांची भानगड, आपल्याला काय? आज तेवढंच बोलायचं आहे.

अधिसूचनेने कारखान्यांच्या तीन याद्या केल्या. हिरवी, नारिंगी आणि लाल. लाल यादीतला कारखाना तालुक्यात येऊ शकत नाही. उद्योगांना सगळी मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जमीन. हे चांगलं झालं, आम्ही त्याच्या बाजूने आहोत. मोठे कारखाने आले असते तर पहिली जमीन कोणाची गेली असती? सावकाराची तर नाही.

पण त्याच कागदात पुढे आहे की तालुक्याचा आराखडा करायचा, त्यात हिरवे भाग, फळबागा, आदिवासी भाग वेगळे दाखवायचे आणि तिथे जमिनीचा आजचा वापर बदलू द्यायचा नाही. 'आजचा वापर' हे दोन शब्द ध्यानात ठेवा. वापर जमिनीवर असतो, पण नकाशा काढणारा तो कागदावर बघतो. प्लॉटवर आपण बापजाद्यांपासून नागली-वरई करतो. सातबाऱ्याला नाव नाही, वनखात्याच्या वहीत ते जंगल. मग नकाशात काय होणार? हिरवं! वरकस जमिनीचंही तसंच. तिथून राबासाठी फांद्या आणतो, गवत काढतो, नागली घेतली की काही वर्षं जमिनीला विसावा देतो. साहेब येतो तेव्हा ती विसाव्याला असते, तो लिहितो 'पडीक'. माणूस झोपला तर त्याला मेला म्हणतात काय?

मागच्या बैठकीत एक म्हातारी बोलली, "माझा मोहाचा झाड नकाशात हाय, मी नाय." उद्या तिच्या नातवाला खोप बांधायची झाली, विहीर पाडायची झाली, तर कोणीही येऊन सांगेल, हा हिरवा पट्टा आहे.

सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर १९९६ मध्ये निकाल दिला आणि डिसेंबरात न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. कारखान्यांविरुद्ध दाद मागायला शिकलेली माणसं तिथे जातील. प्लॉटचं गाऱ्हाणं आपल्यालाच न्यावं लागेल.

३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारचा जुना निर्णय आहे. त्यात बसणारे कितीतरी प्लॉट अजून लटकलेले आहेत. म्हणून वनखात्याने मारलेल्या दंडाच्या पावत्या जपून ठेवा, चुलीत घालू नका. आपण तिथे कसत होतो, हे त्यांनीच लिहून दिलं आहे. पावती नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्यांचे जबाब घ्या. बांध, ताली, लावलेली झाडं मोजा.

तालुक्याला जाऊन नकाशा आपल्या डोळ्यांनी बघा. एकट्याने नको, पाड्यातले पाच-सहाजण मिळून, त्यात दोन बाया तरी पाहिजेत, कारण राबाची, लाकडाची, पाण्याची वाट त्यांनाच पाठ असते. जिथे चूक दिसेल तिथला गट नंबर उतरवून घ्या. येत्या बाजाराच्या दिवशी ते कागद घेऊन या, अर्ज तिथेच बसून लिहू.