पाळणाघराचा राखणदार

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे सोनगीर लागतें. किल्ला आणि तांब्यापितळेचीं भांडीं यांसाठीं हें गांव खानदेशांत प्रसिद्ध आहे. अशा गांवांत मूल ओट्यावर वाढतें. आई शेतावर गेली तर आजी असते, आजी आंत असली तर शेजारीण बाहेर असते. मूल रडलें कीं चार दारें उघडतात. याच गांवची लेक नोकरीनिमित्त मुंबईकडे गेली, कीं तिला आपलें मूल बंद दाराआड परक्या हातीं सोंपवावें लागतें. तेथें त्या चार दारांची जागा कोणी घ्यावी? भिंतीवरील कॅमेऱ्यानें, असें पुष्कळ आईबाप म्हणतात. आणि प्रत्येक पाळणाघरांत तो सक्तीचा करावा, अशी त्यांची मागणी आहे.

ही मागणी निराधार नाहीं. नोव्हेंबर २०१६ मध्यें नवी मुंबईंतील खारघर येथें एका पाळणाघरांत दहा महिन्यांच्या मुलीला निर्दयपणें मारहाण झाली. जिला अजून वाचा फुटली नव्हती, तिची साक्ष कॅमेऱ्यानें दिली. परंतु कॅमेरा भिंतीवर असतांनाच ती मारहाण झाली, हेंही विसरतां येत नाहीं. मारणारा हात त्यानें टिपला, अडविला नाहीं.

पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूरच्या एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हां तेथील कॅमेरे बंद असल्याचें उघडकीस आलें. राज्य शासनानें २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयानें शाळांना महिन्याच्या आंत कॅमेरे बसविण्यास फर्माविलें, आणि आठवड्यांतून किमान तीन वेळां चित्रीकरण तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली. या आज्ञेचें खरें मर्म उत्तरार्धांत आहे. जें कोणी पाहत नाहीं, तें टिपून ठेवल्यानें मुलाचें रक्षण होत नाहीं.

रक्षणाचा आणखी एक मार्ग कायद्यानें पूर्वींच दाखविला आहे. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनें पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय आवश्यक केली, आणि आईला दिवसांतून चार वेळां तेथें जाऊन येण्याची मुभा दिली. आई केव्हां दारांत उभी राहील याचा नेम नसला, म्हणजे आंतल्या हातांना आपोआप जपून वागावें लागतें. जेथें पालकांना दुपारीं दार उघडत नाहीं, तेथें कॅमेरे किती आहेत हा प्रश्न गौण होय.

म्हणून सक्ती करावयाची तर ती पुरती करावी. मुलें खेळतात, जेवतात व निजतात तेथें कॅमेरा असावा. जेथें त्यांना न्हाऊंमाखूं घालतात, कपडे बदलतात, तेथें नसावा. चित्रीकरण कोणी पाहावें, किती दिवस जपावें आणि कोणाच्या हातीं पडूं देऊं नये, हें नियमांतच लिहिलेलें असावें. एका बाईच्या अंगावर झेपतील तितकींच मुलें असावींत, आणि तिला पोटापुरतें वेतन मिळावें. थकलेला, त्रासलेला हात कॅमेऱ्यादेखतही सुटतो. पाळणाघर निवडतांना सुजाण पालकांनीं भिंतीकडे पाहावेंच. पण आधीं त्या बाईशीं चार शब्द बोलावे, आणि आंत कितीं मुलांमागें किती माणसें आहेत तें मोजून घ्यावें.