साठ पानांचा कॅट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पत्ते म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे बावन्न पानं येतात. मे महिन्यातली दुपार, सतरंजी, मेंढीकोट, नाहीतर बदाम सात. माझंही तसंच होतं. नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षं अमेरिकेत सिॲटलजवळ राहिलो. तिथे माझ्या तेरा वर्षांच्या मुलानं एक दिवस साठ पानांचा कॅट घरी आणला, आणि पत्त्यांतलं माझं सगळं शहाणपण तिथेच संपलं.

खेळाचं नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं तो रचला आणि सिॲटल परिसरातल्याच ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनं १९९३ मध्ये बाजारात आणला. यात कॅट आयता मिळत नाही, आपला आपण बांधायचा असतो. हजारो निरनिराळ्या पानांतून किमान साठ निवडायची. साध्या जमिनी सोडल्या तर कुठलंही पान चारपेक्षा जास्त घ्यायचं नाही. जमिनीच्या पानांतून शक्ती मिळते, आणि एका पाळीला एकच जमीन मांडता येते. बाकीची पानं म्हणजे त्या शक्तीवर चालणारे मंत्र आणि प्राणी. समोरच्याचे वीस गुण शून्यावर आणले की डाव आपला.

ठाण्याहून तिकडे गेल्यापासून मुलगा गप्प गप्प झाला होता. शाळेतून आला की खोलीत. शुक्रवारी संध्याकाळी मात्र जवळच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत या पत्त्यांची छोटीशी स्पर्धा असे आणि तिथे तो चक्क बोलायचा, हसायचा. पंचाहत्तरीच्या आजोबांपासून दहा वर्षांच्या पोरापर्यंत दहा-बारा माणसं जमायची. ‘पॉपर’ नावाच्या प्रकारात खेळायची, म्हणजे फक्त सर्रास मिळणारी साधी पानं. २०१९ मध्ये या प्रकाराला अधिकृत मान्यता मिळाली. आमच्या खिशाला तोच परवडणारा होता.

पण मुलगा हरायचा. पाच शुक्रवारांत एकही सामना नाही. सहाव्या गुरुवारी जेवताना म्हणाला, “उद्या नको जाऊ या, बाबा.” त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. पत्त्यांत हरणं ठीक आहे हो, पण ती खोली त्याच्या हातून गेली तर उरतं काय? जेवणानंतर मी कॅट मागून घेतला आणि वही-पेन्सिल काढली.

त्याचा कॅट लाल रंगाचा होता, म्हणजे झटपट फटके मारून डाव संपवणारा. ‘लाइटनिंग बोल्ट’ हे त्यातलं मुख्य पान : एका जमिनीत तीन गुणांचा फटका. वीस गुण संपवायला असे सात फटके लागतात. सुरुवातीला हातात सात पानं, मग दर पाळीला एक. दुसरा खेळणारा चौथ्या पाळीला अकरा पानं पाहतो. त्यांत साडेतीन-चार जमिनी धरल्या तर उरतात जेमतेम सात. म्हणजे या कॅटमध्ये चुकार पानाला जागाच नाही! प्रत्येक पानाला स्वतःच्या वाटणीचा फटका मारावाच लागतो.

आणि आमच्या कॅटमध्ये जमिनी किती? सोळा. “जमीन काढली की एक फटका जास्त बसतो ना,” असं त्याचं म्हणणं. मी हिशोब केला. साठात सोळा जमिनी असतील तर पहिल्या सात पानांत एकच जमीन येण्याची किंवा एकही न येण्याची शक्यता ३९ टक्के निघते. दहांतले चार डाव सुरू होण्याआधीच लंगडे! तो हात टाकून पुन्हा सात पानं घेता येतात, पण मग त्यांतलं एक कॅटच्या तळाशी ठेवावं लागतं, म्हणजे एक फटका गेलाच. जमिनी वीस केल्या तर हीच शक्यता २५ टक्क्यांवर येते.

त्याला टक्केवारी पटली, पण चेहरा पडला. कारण जमिनी वाढवायच्या तर पानं काढावी लागणार, आणि कॅटमध्ये एक पान असं होतं की ज्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. सात जमिनी लागणारा एक अवाढव्य राक्षस, त्याच्या पहिल्यावहिल्या पाकिटातून निघालेला. सातव्या पाळीपर्यंत चौदा पानं दिसतात, त्यांत सोळांच्या हिशोबानं सरासरी चारही जमिनी नसतात. तो उतरणार कधी? पण एकदा, एकदाच, उतरला होता. सामना तेव्हाही हरलाच, पण एवढा एक डाव त्यानं जिंकला आणि खोलीतली सगळी माणसं टेबलाभोवती जमली. कोणीतरी टाळी दिली. त्या टाळीचा हिशोब माझ्या वहीत कुठे मांडणार?

मी काही बोललो नाही. एवढंच ठरवलं, की हरलेल्या प्रत्येक डावानंतर हातात काय अडकून राहिलं ते लिहायचं, आणि एका वेळी एकच बदल करायचा. ही दुसरी अट फार महत्त्वाची. हरलो की माणूस रागानं दहा पानं बदलतो, पुढच्या खेपेला जिंकतो, आणि कशामुळे जिंकला हे त्याला कळत नाही. एका संध्याकाळचे तीन-चार सामने म्हणजे काही पुरावा नव्हे, हे पोराला समजावताना मलाच जड गेलं. तो जिंकून आला की मलाही आमचा कॅट थोर वाटू लागायचा.

चार आठवड्यांनी वहीत राक्षसाचं नाव नऊ वेळा आलं होतं. त्यानं पान उघडून माझ्यासमोर धरलं, मग तो पत्ता काढून डबीच्या झाकणात ठेवला. त्या जागी जमीन आली.

एका बाबतीत मात्र त्यानं मला पार उघडं पाडलं. मुख्य कॅटखेरीज पंधरा जादा पानं जवळ ठेवता येतात. सामना तीनपैकी दोन डावांचा असतो, आणि दोन डावांमध्ये ही पानं बदलून घेता येतात. मी मोठ्या स्पर्धेत जिंकलेल्या एका कॅटची यादी मिळवली आणि तशीच्या तशी उतरवून दिली. त्यात ‘रेलिक ऑफ प्रोजेनिटस’ची चार पानं होती, टाकलेल्या पानांच्या ढिगातून डाव उभारणाऱ्यांविरुद्ध. मुलगा म्हणाला, “बाबा, आपल्या खोलीत तसं खेळणारा एकच काका आहे, तोही शुक्रवाराआड येतो. निळ्यावाले चार आहेत.” निळे म्हणजे समोरच्याचा मंत्र वरच्यावर हाणून पाडणारे. त्यांच्यावर उतारा ‘पायरोब्लास्ट’, निळ्या मंत्राला एका जमिनीत रद्द करणारं पान. त्यानं माझी दोन रेलिक काढली आणि पायरोब्लास्ट दोनाची चार केली. मी आकडे मोजत होतो. तो माणसं मोजत होता. वर सांगतो कसा, “सगळी पंधरा आत घ्यायची नाहीत हं, तेवढे फटके बाहेर जातात.”

त्या शुक्रवारी तो चारांपैकी दोन सामने जिंकला. त्यांतला एक त्या पंचाहत्तरीच्या निळ्या आजोबांविरुद्ध. शेवटचा फटका ‘फायरब्लास्ट’चा होता. स्वतःच्या दोन डोंगरांच्या जमिनी मोडून टाकायच्या आणि चार गुणांचा घाव घालायचा. आजोबांनी त्याला पुन्हा बसवून घेतलं आणि दुकान बंद होईपर्यंत दोघं खेळत राहिले. मी बाहेर गाडीत.

परतताना तो सारखा बोलत होता. विषय जमिनींचा. आम्ही एव्हाना एकोणीसवर आलो होतो, त्याला अठरा हव्या होत्या. लंगडा हात येण्याची शक्यता अठराला ३१ टक्के, एकोणीसला २८. तीन टक्क्यांसाठी एक फटका सोडायचा का, यावर आमचं आजही एकमत नाही. तो अठराच म्हणतो.