गाल सुजला की आधी काय विचारावे?



कार्यवाहांना मी विषय कळवला तेव्हा ते हसले. आपल्या भाषेत गाल फुगणे म्हणजे रुसणे. बेळगावातल्या माझ्या दवाखान्यात मात्र फुगलेला गाल येतो, तो घरून नाव घेऊनच येतो. मराठी घरातला असेल तर ‘गालगुंड झालंय’, कन्नड घरातला असेल तर ‘मंगनबावू’, म्हणजे माकडाची सूज. मूल असले तर गालगुंड आणि मोठे माणूस असले तर दाढ. तिसरे कारण घरात कुणाला सुचत नाही. बहुतेक वेळा घरचे बरोबरही असतात. मला बोलायचे आहे ते उरलेल्यांबद्दल.

मी होमिओपॅथीचा माणूस. आम्हाला शिकतानाच एक सवय लावतात : दुखणे कशाने वाढते, कशाने कमी होते, दिवसाच्या कोणत्या वेळी येते, हे विचारायचे. ही सवय औषध निवडण्यासाठी असते. पण जबड्याच्या बाबतीत तिच्यामुळे पुष्कळदा रोगच सापडतो.

पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. उजव्या जबड्याखाली सूज यायची आणि तासा-दोन तासांत उतरायची. घरच्यांनी दाढ ठरवली होती. दाताच्या डॉक्टरांना दाढेत काही सापडेना. मी विचारले, ‘‘येते केव्हा?’’ म्हणाल्या, ‘‘पानावर बसले की. लोणच्याची फोड तोंडात घातली तर विचारूच नका.’’

एवढ्यावर निम्मे निदान झाले. आपल्याला लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ घट्ट आणि तिची नळी खालून वर चढणारी, त्यामुळे दहापैकी सुमारे आठ खडे तिथेच होतात. आंबट दिसले की तोंडाला पाणी सुटते; वाट बंद असेल तर ते पाणी ग्रंथीतच तुंबते आणि ती फुगते. या बाईंच्या जिभेखाली बोट फिरवले तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढे कठीण काही लागले. सोनोग्राफी झाली, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी जिभेखालून खडा काढला. लहान खडा कधी भरपूर पाणी पिऊन, लिंबू चोखून आणि मागून पुढे हलके चोळून आपोआपही पडतो.

लाळ आटली तरी ग्रंथी सुजते. आमच्या जैन घरांत दशलक्षण पर्वात दिवसातून एकदाच पाणी घेणारी वृद्ध मंडळी असतात. निर्जळी एकादशी करणारीही आपल्यात आहेत. त्यात ॲलर्जीच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी तोंड आणखी कोरडे पडते. मग तोंडातले जंतू नळीतून उलटे वर चढतात. कानापुढचा भाग लाल, गरम आणि टणक होतो, ताप येतो, आणि ग्रंथी दाबली तर वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतून पू येतो. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना 1881 मध्ये गोळी लागली. अंथरुणावर खंगत असताना त्यांची ही ग्रंथी अशीच पिकली होती. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, आज आहेत. व्रताला माझा विरोध नाही, पण गाल तापला की त्याच दिवशी पाणी प्यावे आणि डॉक्टर गाठावा. यावरून घरातल्या वडीलधाऱ्यांशी माझे वादही झाले आहेत.

आता दाढ. तिचे ठणकणे रात्री आडवे पडल्यावर वाढते. मग एका सकाळी गाल सुजतो आणि ठणका एकदम कमी होतो. लोकांना वाटते, उतार पडला. वास्तविक पू हाड भेदून बाहेर आलेला असतो. अशा वेळी माझ्याकडे हेपर सल्फ मागायला येतात. मुळाशी पू असेल तर त्याला वाट करून द्यायला हवी, दाढेच्या मुळावर उपचार हवेत, नाहीतर दाढ काढायला हवी; साबुदाण्याएवढ्या गोळ्या देऊन मी कुणाला घरी पाठवत नाही. आणि सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरली, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळवेना, आवाज बदलला, तर सकाळची वाट पाहू नये. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये या रोगाचे वर्णन केले. यात श्वासाची वाट बंद होते.

गालगुंडाबद्दल थोडेच. त्यात कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते आणि जबड्याचा कोपरा हाताला लागत नाही. सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. वयात आलेल्या मुलाच्या वृषणाला सूज आली तर लपवू नये. सरकारी मोहिमेत 2017 पासून दिली गेलेली लस गोवर-रुबेलाची आहे, गालगुंडाची नाही. नातवंडांचे कार्ड एकदा उघडून बघा.

न दुखणाऱ्या सुजेची मला जास्त धास्ती वाटते. निपाणी आपल्या शेजारी. तंबाखू आपल्याला परकी नाही. पुरुषांची चंची दिसते, बायकांची मिश्री दिसत नाही. किती जणींनी ती दाढदुखीसाठीच सुरू केलेली असते! दाढेत दाबलेली मिश्री वर्षानुवर्षे त्याच जागी बसते, आणि त्याच जागी पांढरा चट्टा किंवा व्रण होतो. तोंड पूर्वीसारखे उघडेना, तीन आठवड्यांत व्रण भरेना, जबड्याखाली दगडासारखी गाठ लागली, तर तुकडा काढून तपासावाच लागतो. सासूला किंवा आईला हे विचारायला संकोच वाटतो, हे मी जाणतो. तरी विचारा.

शेवटी एक, ज्यात सूज मुळीच नसते. दात ठणठणीत, गाल नेहमीसारखा. पण जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबले की राहतो. हे दुखणे हृदयाचे असू शकते. दाताच्या डॉक्टरांकडे नंतर जा, आधी त्याच दिवशी ईसीजी काढा. आणि बसल्या जागी दुखू लागले, घाम फुटला, तर सरळ इस्पितळ गाठा.

माझे बोलणे इथे थांबवतो. आता आपण प्रश्न विचारा.