गीर गाय : सोरठपासून ब्राझीलपर्यंत



सौराष्ट्रातील गीरचे अरण्य सिंहांसाठी जगप्रसिद्ध आहे. त्याच अरण्याची दुसरी देणगी म्हणजे गीर गाय. जुनागढ, अमरेली, भावनगर व राजकोट हा तिचा मूळ प्रदेश. सोरठी, काठियावाडी, देसण अशा नावांनीही ती ओळखली जाते.

वशिंडाची गुरे सिंधू खोऱ्याच्या परिसरात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाळली. त्यांची ही शाखा जोपासली मालधारी पशुपालकांनी. रबारी, भरवाड, चारण आदी समाजांनी ‘नेस’ नावाच्या वनवस्त्यांत, काटेरी कुंपणाआड, सिंहांच्या शेजारी ही गुरे राखली. कोणत्या गाईचा गोऱ्हा वळू म्हणून ठेवावा, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होते. या वंशाची शुद्धता त्या निवडीवरच उभी राहिली.

पुढे आलेले घुमटाकार कपाळ, वळलेल्या पानासारखे लांब लोंबते कान, मागे वळलेली शिंगे व अर्धोन्मीलित भासणारे डोळे ही तिची ओळख. रंग तांबडा किंवा ठिपकेदार. सैल त्वचा व गळ्याखालची मोठी पोळी यांमुळे ती कडक ऊन सोसते. वेतामागे सरासरी २००० किलोच्या आसपास दूध ती देते. स्वभावाने ती शांत व मायाळू आहे.

या गुणांची ख्याती समुद्रापार गेली. ब्राझीलमध्ये गीर गुरे एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या संधिकाळापासून पोहोचू लागली. १९६० च्या सुमारास सेल्सो गार्सिया सिद या पशुपालकाने भावनगरच्या राजघराण्याच्या कळपातील ‘कृष्णा’ हा वळू तिकडे नेला. त्याचा वंश तेथे विस्तारला. तेथील पशुपालकांनी १९३८ पासून वशिंडाच्या गुरांच्या वंशावळी नोंदवल्या होत्या. गीर व होल्स्टीन यांच्या संकरातून घडलेल्या ‘गिरोलांडो’ जातीस १९९६ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. महाराष्ट्राशीही गीरचे नाते आहे. मराठवाड्यातील देवणी जातीच्या जडणघडणीत गीरचा वाटा मानला जातो.

मायभूमीत मात्र चित्र पालटले. १९६५ मध्ये गीर अभयारण्य झाले व पुढील दशकात अनेक मालधारी कुटुंबे जंगलाबाहेर वसवली गेली. गायराने आकसली, संकरीकरण वाढले, शुद्ध वळू दुर्मीळ झाला. ज्या देशाने वळू दिले, त्याच देशाने पुढे ब्राझीलमधून गीर वळूंचे गोठवलेले वीर्य आयात केले. दात्यावर याचकाची वेळ आली, ती नोंदी व निवड यांच्या अभावी.

पांजरपोळांनी वृद्ध व अपंग जीवांना आश्रय दिला, हे जैन समाजाचे मोठे पुण्यकार्य होय. परंतु गाय वाचली म्हणजे तिचा वंश वाचतोच असे नाही. त्यासाठी उत्तम वळू राखणे, प्रत्येक कालवडीच्या मातापित्याची नोंद ठेवणे व चराईची जमीन जपणे आवश्यक आहे. मालधाऱ्यांनी जे स्मरणात जपले, ते आता वहीत उतरावे. करुणेला अशा ज्ञानाची जोड मिळाली, तरच गोरक्षण पूर्णत्वास जाईल.

जय जिनेंद्र!