पाईप जोडा, पण जाळावर नको



सोनारीच्या शिवारात ऐन पाळीच्या वेळी पाईप निसटला, की काही जण पाचट पेटवतात, पाईपाचं तोंड जाळावर धरतात अन् दुसऱ्या पाईपावर दाबून बसवतात. इथंच घोटाळा होतो.

राखाडी पीव्हीसी पाईप सुमारे ८० अंशांला मऊ पडतो. जाळ त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. पाईप एका बाजूनं करपतो, कड पातळ होते आणि मोटार सुरू होताच नेमका तिथंच फुटतो. पाळी हुकते. शिवाय त्याचा धूर डोळ्यांत, छातीत गेला की ओलाव्यात आम्ल बनून जाळतो. म्हणून कपलर आणि सोल्युशन वापरा. टोकं घासून पुसा, दोन्हीकडं सोल्युशन लावा, बसवून अर्धा मिनिट धरा. एक दिवस पाणी सोडू नका.

काळा एचडीपीई पाईप सुमारे १३० अंशांला वितळतो. त्याला सोल्युशन चिकटत नाही. तापल्या प्लेटवर टोकं वितळवून जुळवावी लागतात. ठिबकच्या नळीला मात्र गरम पाणी पुरतं. टोक बुडवा, मऊ झालं की जोडणीवर बसवा.

स्टार्टरच्या काळ्या बेकेलाईटची जात निराळी. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, नुसतं करपतं. तडकलेला भाग बदलाच.

आणि पाईपाचे तुकडे बांधावर जाळू नका, भंगारात द्या. जाळ चुलीतच बरा.