यादींत आमचें नांव



परीक्षेचा निकाल लागावयाच्या दिवशीं घरांत कशी शांतता पसरलेली असते, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्यानें परीक्षा दिलेली असते तो मुलगा एक वेळ निश्चिंतपणें कोपऱ्यावर मित्रांशीं गप्पा मारीत उभा असतो. पण जिनें आयुष्यांत एकहि प्रश्नपत्रिका सोडविलेली नसते ती आजी मात्र सकाळपासून देव पाण्यांत घालून बसलेली असते. उत्तरें दुसऱ्यानें लिहावयाचीं आणि धास्ती आपण वाहावयाची, हा आजीचा धर्म अमेरिकेंत लक्षावधि शहाणींसुरतीं माणसें दर वर्षीं मार्च महिन्यांत पाळीत असतात. हीं माणसें म्हणजे आपापल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल-संघाचे चाहते. हंगाम संपत येतो, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या यादींत आपल्या संघाचें नांव येईल कीं नाहीं, या एका प्रश्नानें त्यांची झोंप उडते. त्यांच्या या आशेविषयीं मी आज आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

बास्केटबॉल आपल्याला अपरिचित नाहीं. मुंबईच्या नागपाड्यांत तर त्या खेळाचें वेड पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें सज्जाच्या कठड्याला पीचच्या दोन करंड्या ठोकून हा खेळ सुरू केला. परंतु विद्यापीठाचा संघ ही गोष्ट तिकडे निराळ्याच अर्थानें जिवंत आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेला आपला मनुष्य विद्यापीठाच्या संघाची चौकशी क्वचितच करतो. तिकडे मात्र केस पांढरे झालेला वकील वा डॉक्टर आपल्या जुन्या विद्यापीठाचा संघ काल कोणाशीं खेळला, किती गुणांनीं हरला, हें सकाळच्या न्याहारीच्या वेळीं तोंडपाठ सांगेल. ज्या गांवीं विद्यापीठ असतें, त्या गांवचा न्हावी आणि वाणीदेखील त्या संघाला ‘आमचा’ असेंच म्हणतो.

आतां ही राष्ट्रीय स्पर्धा काय आहे, तें थोडक्यांत सांगतों. पुरुषांची ही स्पर्धा १९३९ सालीं आठ संघांनिशीं सुरू झाली. संख्या वाढत वाढत १९८५ सालीं चौसष्ट झाली आणि २०११ सालीं अडुसष्ट. वरच्या श्रेणींतील विद्यापीठें साडेतीनशेंहून अधिक. तेव्हां पांचांतील चौघांना घरींच बसावें लागणार हें उघड आहे. हीं विद्यापीठें निरनिराळ्या गटांत विभागलेलीं असतात, आणि प्रत्येक गटाच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळतो. मी पुढें ज्या २०१७ सालाची हकीकत सांगणार आहें, त्या वर्षीं असे बत्तीस विजेते होते. राहिलेल्या छत्तीस जागा एका निवड-समितीनें भरल्या. समिती बंद दाराआड बसते, आणि मार्चमधील एका रविवारीं संध्याकाळीं तिची यादी टेलिव्हिजनवर वाचून दाखविली जाते. जिंकून आलेल्यांना त्या रविवाराची भीति नसते, आणि अगदींच हरलेल्यांना आशा नसते. खरी तगमग होते ती या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची.

या उंबरठ्यावरच्या चाहत्याच्या जमाखर्चाची वही आपण जरा उघडून पाहूं. २०१८ सालापर्यंत समितीच्या हातांत एक सूत्र असे. संघाच्या स्वतःच्या जयापजयाला त्यांत रुपयांतील चार आणे वजन होतें. ज्यांच्याशीं तो खेळला, त्या प्रतिस्पर्ध्यांच्या जयापजयाला आठ आणे. आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले चार आणे. म्हणजे रुपयांतले बारा आणे परक्यांच्या कर्तबगारीवर अवलंबून! पुढें सूत्र बदललें. पण तुम्ही कोणाला हरविलें आणि तो किती बळकट होता, हा प्रश्न कायमच राहिला.

याचा परिणाम मोठा मौजेचा होतो. डिसेंबरांत ज्याला आपण हरविलें, त्याचें फेब्रुवारींत भलें व्हावें, म्हणजे आपल्या विजयाचें मोल वाढेल, असें चाहता मनोभावें इच्छूं लागतो. ज्यानें आपल्याला लोळविलें, तोहि पुढें जिंकत राहावा, म्हणजे आपला पराभव तितकासा लाजिरवाणा ठरणार नाहीं. एखाद्या लहान गटांतील बलाढ्य संघ आपल्या गटाचा अंतिम सामना हरला, तर समिती त्याला बहुधा निवडणारच, आणि ज्या अनपेक्षित संघानें त्याला हरविलें तो थेट आंत येणार. म्हणजे छत्तिसांतली एक जागा गेली! म्हणून हजार मैलांवरच्या, पूर्वीं कधीं नांवहि न ऐकलेल्या दोन विद्यापीठांचा सामना हा मनुष्य मध्यरात्रीपर्यंत जागून पाहतो. स्वार्थानें कां होईना, पण इतक्या परक्यांचें इतकें शुभ चिंतणारा माणूस दुसरीकडे सांपडणें कठीण.

आशेचें हें गणित सर्वांत अधिक काळ कोणी मांडलें असेल, तर तें नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या चाहत्यांनीं. शिकागोच्या उत्तरेस मिशिगन सरोवराच्या कांठीं एव्हन्स्टन नांवाचें टुमदार गांव आहे. तेथें १८५१ सालीं हें विद्यापीठ स्थापन झालें. विद्येच्या क्षेत्रांत त्याचा लौकिक मोठा. ता. २७ मार्च १९३९ रोजीं या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला अंतिम सामना याच विद्यापीठाच्या पॅटन व्यायामशाळेंत झाला. ऑरेगॉननें ओहायो स्टेटला ४६-३३ असें हरविलें. परंतु ज्यांनीं पहिला मांडव घातला, त्यांना पंगतीला बसावयास मिळालें नाहीं. आणि तेंहि एक-दोन नव्हे, अठ्ठ्याहत्तर वर्षें! ती व्यायामशाळा १९४० सालीं पाडण्यांत आली, आठ संघांचे अडुसष्ट झाले, पण यादींत नॉर्थवेस्टर्नचें नांव कांहीं आलें नाहीं.

१९७५ पूर्वीं एका गटांतून एकच संघ घेत असत, आणि नॉर्थवेस्टर्नच्या ‘बिग टेन’ गटांत इंडियाना, मिशिगन, ओहायो स्टेट यांसारखे मल्ल होते. तेव्हां निदान सबब तरी होती. पुढें दार रुंद झालें आणि सबबहि गेली. स्पर्धेच्या आरंभापासून वरच्या श्रेणींत असून एकदांहि निवड न झालेलीं विद्यापीठें २०१७ च्या आरंभीं पांचच उरलीं होतीं. त्यांत १६९३ सालीं स्थापन झालेलें विल्यम अँड मेरी होतें, वेस्ट पॉइंटचें लष्करी विद्यालय होतें, आणि मोठ्या गटांतील म्हणावें असें एकच—नॉर्थवेस्टर्न. आजोबा, मुलगा आणि नात अशा तीन पिढ्यांनीं एकाच विद्यापीठांत शिकावें, आणि तिघांनींहि मार्चमधल्या त्या रविवारीं दुसऱ्यांचीं नांवें ऐकावीं, असा हा काळ होता.

२०१३ सालीं ख्रिस कॉलिन्स हे प्रशिक्षक म्हणून आले. चौथ्या वर्षीं संघानें उचल खाल्ली. ता. १ मार्च २०१७ रोजीं घरच्या वेल्श-रायन सभागृहांत मिशिगनशीं सामना होता. दोन्ही बाजूंस ६५ गुण. घड्याळांत एक पूर्णांक सात दशांश सेकंद शिल्लक. चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या नेथन टॅफोर्नच्या हातीं, पण मैदानाच्या दुसऱ्या टोंकाला. हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. त्यानें चौऱ्याण्णव फूट लांबीच्या मैदानावरून चेंडू सरळ पलीकडे भिरकावला. डेरेक पार्डननें तो कड्याजवळ झेलला, वळला, फळीवर ठेवला, आणि भोंगा वाजला. ६७-६५! प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानांत उतरले. निवडीला अजून अकरा दिवस होते. पण आतां आपल्याला कोणी वगळूं शकणार नाहीं, अशी खूणगांठ त्या रात्रीं एव्हन्स्टननें मनाशीं बांधली.

ता. १२ मार्चला, रविवारीं, त्याच सभागृहांत खेळाडू आणि चाहते मोठ्या पडद्यासमोर जमले. नांव वाचलें गेलें. पश्चिम विभागांत आठवें मानांकन. चार दिवसांनीं सॉल्ट लेक सिटींत व्हँडरबिल्टशीं सामना झाला. पंधरा गुणांची आघाडी हातची गेली, आणि पंधरा सेकंद उरले असतां नॉर्थवेस्टर्न एका गुणानें मागें पडलें. त्याच वेळीं आपणच मागें आहों अशा समजुतीनें व्हँडरबिल्टच्या एका खेळाडूनें मुद्दाम आगळीक केली. ब्रायंट मॅकिंटॉशनें दोन फ्री थ्रो टाकले, आणि ६८-६६ असा विजय मिळाला. पुढच्या फेरींत गोन्झागाशीं गांठ पडली. बावीस गुणांची पिछाडी भरून काढीत अंतर पांचांवर आलें असतां पार्डनचा चेंडू अडविण्यासाठीं प्रतिस्पर्ध्याचा हात कड्याच्या आंतून वर आला. हें नियमाविरुद्ध होतें; पंचांच्या तें ध्यानांत आलें नाहीं; उलट तक्रार केली म्हणून कॉलिन्स यांनाच दंड झाला. सामना ७९-७३ असा गेला. पंचांची ही चूक मागाहून मान्य करण्यांत आली. पण मागाहून मान्य केलेल्या चुकीनें गुण परत येत नाहींत.

आपण विचाराल, अठ्ठ्याहत्तर वर्षें थांबून मिळविलें काय? एक विजय आणि एक पराभव! पुढच्या हंगामाच्या आरंभीं तर या संघाला देशांत एकोणिसावा क्रमांक देण्यांत आला होता, आणि अखेरीस पंधरा विजय व सतरा पराभव एवढेंच पदरीं पडलें. नंतर २०२३ आणि २०२४ सालीं पुन्हां निवड झाली; दोन्ही वेळां पहिला सामना जिंकला आणि दुसरा हरला.

येथेंच या आशेचें मर्म आहे, असें मला वाटतें. या स्पर्धेंत एकदां हरला कीं संघ बाद होतो. अडुसष्ट संघ असले, तर सदुसष्टांचा हंगाम पराभवानेंच संपणार, हें अंकगणित पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला पाठ असतें. तेव्हां चाहत्याची आशा केवळ विजेतेपदाची असती, तर तिच्याइतका मूर्खपणा दुसरा नव्हता. तो मागतो तें फार थोडें असतें: हा हंगाम आजच संपूं नये, आणखी एक सामना व्हावा. खेळाडूला विद्यापीठांतर्फे खेळावयास मिळतात तीं मोजकीं वर्षें. शेवटच्या वर्षाच्या बहुतेक मुलांना तो पराभव म्हणजे संघाचा पोषाख कायमचा उतरविण्याची घटका असते. ती घटका दोन दिवस, चार दिवस पुढें ढकलली जावी, एवढीच ही प्रार्थना.

म्हणूनच पैज लावणाराची आशा आणि चाहत्याची आशा यांत अंतर आहे. २०१८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिकडील अनेक राज्यांनीं खेळांवरील पैजा कायदेशीर केल्या. पैजेवाल्याला निकालाशीं कर्तव्य. ज्याच्यावर पैसे लावले तो हरला, कीं उद्यां तो दुसऱ्यावर लावील. चाहत्याला ही मोकळीक नाहीं. त्याचा संघ त्यानें निवडलेला नसतो; तो माहेरासारखा लाभलेला असतो.

मात्र या नात्यावरहि आतां कसोटीचा प्रसंग आला आहे. २०२१ सालापासून खेळाडूंना आपल्या नांवाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली; २०२५ साली विद्यापीठांनींच त्यांना उत्पन्नांतून वांटा देण्याची वाट मोकळी झाली, आणि पहिल्या वर्षासाठीं त्याची मर्यादा सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलर ठरली. एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाणेंहि सोपें झालें. जीं मुलें घाम गाळतात आणि ज्यांच्या खेळावर इतरांचीं घरें भरतात, त्यांना त्यांचा वांटा मिळूं नये असें कोणता न्यायी मनुष्य म्हणेल? तरीहि चाहता बावरला आहे. गेल्या मार्चमध्यें ज्याच्यासाठीं घसा बसेपर्यंत ओरडलों, तो या वर्षीं समोरच्या बाजूला उभा! मग ‘आमचा संघ’ म्हणजे नेमका कोण?

याचें उत्तर एव्हन्स्टनच्या चाहत्यांनीं न बोलतां देऊन ठेवलें आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तेथील खेळाडू कितीतरी वेळां बदलले, प्रशिक्षक बदलले, व्यायामशाळेच्या भिंतीसुद्धां राहिल्या नाहींत. राहिलें तें एक नांव, एक गांव, आणि दर मार्चला शेजारीं येऊन बसणारीं माणसें. बापानें मुलाला घरदार दिलें असेल वा नसेल, पण ही वाट पाहण्याची संवय मात्र दिली. जें सुख एकट्याला मिळालें असतें तर क्षुल्लक वाटलें असतें, तें अनेकांनीं मिळून वाट पाहिल्यामुळें मोठें झालें. ती वाट एकमेकांच्या सोबतीनें पाहणारीं माणसें जोंपर्यंत जमतात, तोंपर्यंत ‘आमचा’ या शब्दाला अर्थ आहे. खेळाडू वर्षभरासाठीं आला काय आणि चार वर्षांसाठीं आला काय, त्या शब्दाची राखण बांकावर बसलेल्यांकडेच असते.

यादी वाचून दाखविली जाते, कोणी नाचतो, कोणी मुकाट्यानें दिवा मालवून निजावयास जातो. दुसऱ्या दिवशीं मात्र दोघेहि कामावर जातांना एकच वाक्य बोलतात: पुढच्या वर्षीं आमचा संघ चांगला आहे.